अभियांत्रिकी शिक्षणाची भाषा : मुंबई इलाख्यातील जुना वाद

अभियांत्रिकी कोणत्या भाषेतून शिकवावी हा प्रश्न २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुढे आणला, असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. पश्चिम भारतात मात्र तो जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे, आणि त्याचे पहिले उत्तर देशी भाषांच्या बाजूने दिले गेले होते.

१८२३ च्या सुमारास मुंबईत इंजिनियर इन्स्टिट्यूशन ही संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख जॉर्ज जर्विस हे लष्करी अभियंते होते. जमीनमोजणी आणि बांधकाम या खात्यांना हाताखालची प्रशिक्षित माणसे हवी होती. मुलांना आधी इंग्रजी आणि मग गणित शिकवायचे म्हटले तर त्यात वर्षे गेली असती. त्यामुळे येथे मराठी व गुजरातीतून शिकवण्याचे ठरले. यात भाषाप्रेमापेक्षा कामाची निकड अधिक दिसते.

पाठ्यपुस्तके अर्थातच नव्हती. जर्विस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या मदतीने ती तयार केली. चार्ल्स हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथावर आधारलेली ‘शिक्षामाला’ ही त्यांपैकीच. त्रैराशिक, वर्गमूळ, कर्ण असे शब्द शास्त्र्यांच्या परंपरेत आधीच रुळलेले होते. मराठीत परिभाषाच नाही, हा आजही ऐकू येणारा आक्षेप निदान गणितापुरता तेव्हा आड आला नाही. तरीही १८३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संस्था बंद पडली.

वाद खरा पेटला तो १८४० च्या दशकात, बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांना उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे होते. वरच्या थोड्या वर्गाला ते चांगले द्यावे, पुढे ज्ञान खाली झिरपेल, असे त्यांचे मत. परक्या भाषेतून बहुसंख्यांपर्यंत पोहोचता येणार नाही, ही जर्विस यांची बाजू. जगन्नाथ शंकरशेट आणि इतर दोन्ही हिंदी सभासद जर्विस यांच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शंकरशेट स्वतः इंग्रजी शिक्षणाचे विरोधक नव्हते. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मग त्यांनी असे का केले असावे? इंग्रजी शिकणे आणि सगळेच इंग्रजीतून शिकणे या दोन गोष्टी ते वेगळ्या मानत होते, असे मला वाटते.

शेवटी प्राथमिक शिक्षण देशी भाषेत आणि वरचे इंग्रजीत अशी विभागणी रुळली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने साधारण तेच धोरण सांगितले. त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ त्यातूनच वाढले. विश्वेश्वरय्या तेथेच शिकले, इंग्रजीतून.

निजामाच्या हैदराबादेत उलटा प्रयोग झाला. उस्मानिया विद्यापीठात अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवत. पण तेथे जाणाऱ्या मराठवाड्यातील मराठी मुलाला उर्दू तरी घरची कुठे होती? देशी भाषा म्हणजे प्रत्येकाची मातृभाषा नव्हे, हे या वादात नेहमी विसरले जाते.

या साऱ्यात एक उणीव होती. पेरी काय किंवा जर्विस काय, दोघेही मत मांडत होते. दोन्ही भाषांतून शिकवून विद्यार्थ्यांना काय येते ते कोणी ताडून पाहिले नव्हते. असा अभ्यास आयआयटी मुंबईच्या योगेंद्र पाल आणि श्रीधर अय्यर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. शाळा हिंदी माध्यमातून केलेल्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवून त्यांनी तुलना केली. वर्गात शिकवताना हिंदीचा उपयोग झाला. पण आपल्या गतीने पाहायच्या व्हिडिओंमध्ये केवळ इंग्रजी वापरूनही ज्ञानात घट दिसली नाही. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो. शिक्षकाचे वाक्य एकदा निसटले की निसटले. म्हणजे भाषेची अडचण काही अंशी वेगाचीही असावी. मात्र हा निष्कर्ष प्रोग्रॅमिंगपुरता आहे. तो यंत्रशास्त्राला किंवा स्थापत्याला तसाच लावता येणार नाही.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परवानगीने भारतीय भाषांतून पदवीचे वर्ग सुरू झाले. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने संगणक अभियांत्रिकीसाठी मराठी निवडली. तेथेही प्रोग्रॅम लिहिताना ‘इफ’ आणि ‘व्हाइल’ इंग्रजीच राहतात. त्यांचा अर्थ उलगडणारे भोवतीचे वाक्य तेवढे मराठी होते.