भंगाराचा काटा कुणाच्या हातात

आज आम्ही भंगाराचा इतिहास सांगणार आहोत. भंगाराला कसला आलाय इतिहास, हे घरात ऐकून झालंय, तुम्ही तरी म्हणू नका.

पिंपळगाव बसवंत म्हटलं की लोकांना कांदा, द्राक्षं आणि टोमॅटो आठवतात. हंगामात बाजार समितीकडे टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागते, द्राक्षाच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. माल निघून जातो. मागे उरतात फाटलेले खोके, तुटकी कॅरेटं, प्लास्टिकच्या पट्ट्या, पाऊच, बागेतून उपसलेल्या ठिबकच्या नळ्या. आमचा अकरा जणींचा गट तीन वर्षांपासून हे गोळा करतो, निवडतो आणि विकतो. त्याआधी आमच्यातल्या सात जणी याच शेडमध्ये मजुरीने द्राक्षं निवडायला जायच्या. मण्याला धक्का न लावता घड कसा धरायचा हे ज्या हाताला कळतं, त्याला साधा पुठ्ठा कुठला आणि प्लास्टिकचा थर चढवलेला कुठला, हे अंधारातही कळतं.

पहिल्या वर्षी आम्ही माल एका व्यापाऱ्याला देत होतो. नाव घेत नाही. त्याच्या काट्यावर आमचा ढीग दर वेळी अंदाजापेक्षा कमी भरायचा. वर ओल म्हणून घट, माती म्हणून घट. ओलीची घट खोटी नव्हे, भिजलेल्या पुठ्ठ्याचं वजन कागद गिरणीही कापते. पण उन्हाळ्यात कसली ओल? आमच्यातल्या एका मावशींनी डोकं चालवलं. घरच्या लग्नासाठी आणलेलं साखरेचं 50 किलोचं सीलबंद पोतं त्यांनी पुठ्ठ्यांबरोबर टेम्पोत घातलं आणि "जरा हेही बघा" म्हणून काट्यावर ठेवलं. काट्याने 46 दाखवले.

त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. दुसरीकडे माल न्यायची सोय नव्हती, म्हणून नाही भांडलो. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. गोळा बाई करते, निवडते बाई, मग वजन दुसऱ्याने का करावं? ते शोधता शोधता आम्ही बरंच मागे गेलो.

जुनं मोडून नवं करणं आपल्याकडे नवीन नाही. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध. 1883 च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही या धंद्याची नोंद आहे. आपल्या आज्या चेपलेली घागर, फुटका तांब्या टाकून देत नसत. मोड म्हणून दुकानात घालत. मोडीचं वजन व्हायचं, त्याचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा व्हायचे, आणि तोच धातू वितळून पुन्हा भांडं होऊन यायचा. 'मोडीत काढणं' हा शब्द आपण आता माणसांनाही लावतो, पण मुळात मोडीला किंमत होती.

तीच गोष्ट चिंध्यांची. लाकडापासून कागद करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात आली. त्याआधी कागद बनायचा तो चिंध्या, जुने दोर, गोणपाट कुटून, कुजवून. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि पुणे जिल्ह्यात जुन्नरला असाच हातकागद बनत असे. म्हणजे कितीतरी कागदपत्रं जुन्या कापडावर लिहिलेली आहेत. पुण्यात 1940 साली हातकागद संस्था निघाली, तिथेही चिंधी हाच कच्चा माल. घरोघरची जुनी कपडे-लत्ते गोळा करून बाजारापर्यंत नेणारी कोण? बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला गाठोडं. एका पातेल्यासाठी चार साड्या मागायची आणि आपल्या आया तीनवर तोडायच्या. आपण तिला चिवट म्हणायचो. तिच्याकडे काटा नव्हता, डोळे आणि बोटं होती. कापड चिमटीत धरून ती सांगायची, हे धुण्याने विरलंय. पण गाठोडं जुन्या बाजारात गेलं की तिचा भाव दुसराच कुणी ठरवायचा.

बाजार समितीतही आधी काही वाया जात नव्हतं. कांद्याच्या तागाच्या गोण्या, म्हणजे बारदान, पुन्हा पुन्हा वापरात यायचं. फाटलं तर दाभण आणि सुतळी घेऊन बायका बसायच्या. फळं, टोमॅटो करंड्यांतून आणि लाकडी खोक्यांतून जायचे. खोकं मोडलं की चुलीला. मग प्लास्टिकचं कॅरेट आलं, ज्याला आपण जाळीही म्हणतो. पिंपळगावात टोमॅटोचा भाव आता 20 किलोच्या जाळीवर निघतो. कॅरेट चांगलं. धुता येतं, एकावर एक रचता येतं, कितीतरी फेऱ्या मारतं. पण तुटलं की त्याला ना दाभण चालतं ना चूल. जाळू तर नकाच, त्या धुराने छाती भरते. त्याला भंगारातच जावं लागतं.

द्राक्षाच्या खोक्याची गोष्ट वेगळी आणि जरा चमत्कारिक आहे. 1991 साली महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून परदेशी विक्रीसाठी महाग्रेप्स उभी केली. द्राक्षं युरोपला निघाली ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत प्लास्टिकचा पाऊच आणि बुरशी लागू नये म्हणून गंधकाच्या वायूचा कागद. नेमक्या त्याच वर्षी जर्मनीने कायदा केला, की ज्याने माल वेष्टणात घालून विकला त्यानेच ते वेष्टण परत घ्यायचं किंवा त्याच्या पुनर्वापराचा खर्च सोसायचा. तिथले उद्योग त्यासाठी एकत्र आले, गोळा करण्याची वेगळी यंत्रणा उभी राहिली, वेष्टणावर हिरवा ठिपका छापला जाऊ लागला. म्हणजे तिकडे पोचलेल्या खोक्याचं काय करायचं हे ठरलेलं. इकडे शेडमध्ये पॅकिंग करताना फाटलेल्या खोक्याचं काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. ते भंगारवाल्यावर आणि वेचणाऱ्या बाईवर सोडून दिलेलं होतं.

ती वेचणारी बाई कोण, हे आम्हाला पुण्याच्या इतिहासातून कळलं. तिथल्या कचरा वेचणाऱ्या बहुतेक बाया मातंग, नवबौद्ध अशा दलित समाजातल्या. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून कितीतरी कुटुंबं शहरात गेली, त्यातल्या बायांना हेच काम मिळालं. पहाटे उकिरड्यावर जायचं, कागद, काच, पत्रा वेगळा करायचा, दुकानात नेऊन विकायचा. पोलीस चोर समजायचे, कुत्री भुंकायची, दुकानदार म्हणेल ते वजन.

1990 च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी या बायांपर्यंत पोचल्या. शिकवायला म्हणून गेल्या आणि त्यांच्याबरोबर वेचायला लागल्या. त्यांना दिसलं की घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर काम स्वच्छ होतं, वेळ वाचतो, कमाई वाढते. त्यांनी सोसायट्यांशी बोलून तशी सोय केली. आणि सोय होताच काय झालं? एका उद्योजकाने त्याच भागात गाडी फिरवून कचरा उचलायला सुरुवात केली. कचऱ्यात पैसा आहे हे एकदा दिसलं, की गाडीवाला येतोच. मैत्रिणींनो, ही गोष्ट नीट ऐका. आपल्याकडेही तीच होणार आहे.

बाया रस्त्यावर उतरल्या. हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1993 च्या मे महिन्यात मेळावा होऊन कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. दोन-तीन वर्षांत पुणे महापालिकेच्या मान्यतेचं ओळखपत्र बायांच्या हातात पडलं. देशात असं पहिल्यांदाच घडलं. एवढासा कागद, पण तो दाखवला की चोर म्हणून हटकणाऱ्याला उत्तर मिळायचं. पुढे संघटनेने पतसंस्था काढली आणि स्वतःचं भंगाराचं दुकानही. आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट ती. दुकान आपलं, काटा आपला, आणि वर्षअखेर नफ्यातून बायांना बोनस. 2008 साली या बायांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला, घरोघरी जाऊन कचरा घ्यायचा आणि त्याबद्दल घरटी ठरलेले पैसे. तीन हजारांहून जास्त सभासद झाल्या. करार पुन्हा करायची वेळ आली की भांडण ठरलेलं, ते आजवर संपलेलं नाही.

मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने 1998 पासून परिसर विकास नावाने असंच काम केलं. 'मुलगी झाली हो' हे नाटक लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर यांची ही संघटना. तिथे वेचणाऱ्या बायांना परिसर भगिनी म्हणतात. त्यांचे बचत गट झाले, आणि त्या गटांनी वसाहती, संस्था यांच्या कचऱ्याचं काम अंगावर घेतलं. भाभा अणुसंशोधन केंद्राने काढलेल्या निसर्गऋण पद्धतीचे ओल्या कचऱ्याचे बायोगॅस प्रकल्पही चालवले. म्हणजे भंगार विकून मिळणारे पैसे एकीकडे, आणि तुमची जागा आम्ही रोज स्वच्छ ठेवू या सेवेचे पैसे दुसरीकडे. हे आमच्या आधी डोक्यात आलं नव्हतं. शेडचा मालक म्हणायचा, फुकट उचलून न्या. आम्हाला वाटायचं, केवढा उपकार!

आता यंत्राबद्दल, कारण पत्रांतून तोच प्रश्न जास्त येतो. पुठ्ठा हलका आणि फुगलेला. टेम्पो भरतो पण वजन भरत नाही, भाड्यातच पैसे जातात. गठ्ठे बांधणारा प्रेस खोके दाबून घट्ट करतो, तारेने आवळतो, मग त्याच गाडीत कितीतरी जास्त माल मावतो. तसा माल वापीच्या कागद गिरण्यांपर्यंत नेणं परवडतं. प्रेस नाही, म्हणून गिरणीपर्यंत जाता येत नाही, म्हणून मधल्या व्यापाऱ्याचा काटा. साखळी अशी आहे. प्लास्टिकचंही तसंच. आपल्या महामार्गावर पुढे मालेगावला जुनं प्लास्टिक धुऊन, दळून पाईप बनवणारे कारखाने आहेत. पण त्यांना एकाच जातीचा माल लागतो. ठिबकची नळी पाण्यात टाकली तर तरंगते, पीव्हीसीचा पाईप बुडतो. दोन्ही एकत्र गेले तर सगळ्याचाच भाव पडतो. आम्ही अर्धी टाकी पाणी भरून ठेवली आहे, शंका आली की तुकडा कापून टाकायचा. टाकीला खर्च काही नाही. औषधांच्या रिकाम्या बाटल्या मात्र आम्ही घेत नाही, कितीही पैसे दिले तरी.

2016 च्या घनकचरा नियमांत वेचणाऱ्यांची नोंद करावी, त्यांना आणि बचत गटांना कामात सामावून घ्यावं असं लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं, एवढंच आज म्हणता येईल. पण अर्जात त्या नियमाचा उल्लेख केला की समोरचा माणूस निदान खुर्ची तरी द्यायचा.

गेल्या वर्षी आम्ही इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. वैधमापन कार्यालयाचा शिक्का मारून आणला, तो दरवर्षी नव्याने मारून घ्यावा लागतो. व्यापारी तोच आहे. माल आमच्याकडे मोजून पावती करतो आणि ती घेऊनच त्याच्याकडे जातो. पहिल्या दिवशी तो पावतीकडे पाहून हसला. मावशी म्हणाल्या, "साखरेचं पोतंही आणलंय, मोजता का?" त्याने मोजलं नाही. तेव्हापासून दोन्ही काटे जवळजवळ सारखं बोलतात. चार शेडवाल्यांनी महिन्याचे पैसे देऊन जागा साफ करून घ्यायचं कबूल केलंय, पाचवा अजून उपकारावरच आहे.

प्रेसचं मात्र अडलंय. बँकेचा हप्ता आहे, थ्री फेजची वीज आहे, पावसात कोरडी राहील अशी जागा हवी. द्राक्षाचा हंगाम संपला की चार महिने हप्ता कुठून भरायचा, असं आमच्यातल्या तिघी विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. उरलेल्या आठ जणींना वाटतं की उशीर केला तर पुण्यासारखा इथेही गाडीवाला येईल. सोमवारच्या बैठकीत मत घ्यायचं आहे. तुमच्यापैकी कुठल्या गटाने प्रेस घेतला असेल, तर बिनहंगामात तो कशावर चालवता आणि वीजबिल किती येतं, तेवढं सोमवारच्या आत रेडिओवर कळवा.