बिली एलियट: नाचणाऱ्या मुलाची गोष्ट, हरलेल्या संपाची संगीतिका

८ एप्रिल २०१३ रोजी ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं निधन झालं. त्याच संध्याकाळी लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमध्ये 'बिली एलियट'चा प्रयोग होता आणि एक अडचण उभी राहिली. या संगीतिकेत एक गाणं आहे. नाताळच्या पार्टीत खाणकामगार आणि त्यांची पोरंबाळं थॅचर यांचं मरण जवळ येतंय म्हणून आनंद साजरा करतात. ते त्या रात्री म्हणायचं की गाळायचं? निर्णय प्रेक्षकांवर सोडला गेला. मतदान झालं. विरोधात गेले फक्त तिघं. गाणं झालं.

मुलाच्या नाचाच्या गोष्टीत थॅचर आल्या कुठून?

संप कशासाठी होता?

मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या सरकारी कोळसा मंडळाने तोट्यातल्या २० खाणी बंद करण्याचं ठरवलं. सुमारे २० हजार नोकऱ्या जाणार होत्या. आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगार संपावर गेले आणि जवळजवळ वर्षभर टिकून राहिले. थॅचर सरकार मागे हटलं नाही. मार्च १९८५ मध्ये कामगार कोणतीही मागणी पदरात न पडता कामावर परतले. उत्तर इंग्लंडमधल्या अनेक गावांत खाणीशिवाय दुसरा रोजगारच नव्हता, त्यामुळे पुढे खाण गेली तसं गावही खचलं.

'बिली एलियट' घडते ती ईशान्य इंग्लंडच्या डरहम परगण्यातल्या अशाच एका गावात, त्याच वर्षी. ११ वर्षांच्या बिलीची आई वारली आहे. वडील आणि भाऊ संपावर आहेत. वडील ५० पेन्स देऊन त्याला बॉक्सिंग शिकायला पाठवतात आणि तो चुकून मिसेस विल्किन्सन यांच्या बॅलेच्या वर्गात अडकतो. घरात हे कळतं तेव्हा काय होतं, याची कल्पना करता येते.

सिनेमातून रंगमंचावर

मूळ सिनेमा २००० सालचा. लेखक ली हॉल, दिग्दर्शक स्टीफन डॉल्ड्री. कान महोत्सवात तो पाहून एल्टन जॉन रडले आणि याची संगीतिका व्हायला हवी, ही कल्पना त्यांनीच मांडली. संगीत त्यांचं, संहिता आणि गीतं हॉल यांची, नृत्यदिग्दर्शन पीटर डार्लिंग यांचं. मे २००५ मध्ये लंडनला शुभारंभ झाला आणि एप्रिल २०१६ पर्यंत प्रयोग चालू राहिले. योगायोग असा, की ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण त्याच्या चारच महिने आधी, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली होती.

सिनेमात जे कापून-जोडून दाखवता येतं, ते इथे एकाच रंगमंचावर एकाच वेळी घडतं. 'सॉलिडॅरिटी' या गाण्यात एकीकडे पोलीस आणि संपकरी भिडलेले असतात, तर त्यांच्यामधूनच बॅलेच्या झग्यातल्या लहान मुली सराव करत फिरतात. त्या गोंधळात बिलीचं पाऊल हळूहळू पक्कं होत जातं. गाणं संपेपर्यंत तो नाचू लागलेला असतो आणि बाहेरचा संप चिघळलेला असतो. अख्ख्या संगीतिकेतला हा सर्वांत हुशार प्रसंग म्हणता येईल.

सर्वांत जड प्रसंगात मात्र नाच नाही. बिलीला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलच्या चाचणीला पाठवायचं तर पैसे हवेत. एरवी संपाशी एकनिष्ठ असलेला बाप त्यासाठी संप मोडून कामावर जायला निघतो. थोरला मुलगा त्याला अडवतो. शेवटी कामगार आपसांत वर्गणी काढतात. एक संपफोड्याही पैसे घेऊन येतो आणि ते घ्यायचे का, यावर पुन्हा वाद पेटतो.

बिली एक नसतो

बिलीला बॅले, टॅप, गाणं, अभिनय असं सगळं करत जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर राहावं लागतं. रोज एकाच मुलाला हे झेपणारं नाही, म्हणून तीन-चार मुलं आळीपाळीने भूमिका करतात. २००९ मध्ये ब्रॉडवेवरच्या या संगीतिकेला १० टोनी पुरस्कार मिळाले, त्यात अभिनेत्याचा पुरस्कार तीन बिलींना मिळून देण्यात आला. पुढे 'स्पायडरमॅन' झालेला टॉम हॉलंडही २००८ मध्ये लंडनला बिली होता.

सगळीकडे स्वागतच झालं असं नाही. २०१८ मध्ये हंगेरीत सरकारधार्जिण्या वृत्तपत्राने ही संगीतिका मुलांना समलैंगिक बनवू शकते, असा आरोप केला. त्यानंतर तिथल्या स्टेट ऑपेराने १५ प्रयोग रद्द केले.

मुंबई परिसरातही अशी एक गोष्ट घडली आहे. वेल्डिंग काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये खरोखरच रॉयल बॅले स्कूलला गेला. त्याच्या आणि मनीष चौहानच्या प्रवासावर सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' हा सिनेमा २०२० मध्ये आला.

आता पाहायची तर?

सप्टेंबर २०१४ मध्ये लंडनचा एक प्रयोग थेट सिनेमागृहांत दाखवला गेला, त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. बोली ईशान्य इंग्लंडची आहे आणि शिव्या भरपूर, त्यामुळे इंग्रजी सबटायटल्स मिळाली तर बरं. त्यात इलियट हॅना बिली आहे. स्वप्नदृश्यात त्याच्यासोबत नाचणारा मोठा बिली आहे लियाम मोवर, २००५ च्या पहिल्या तीन बिलींपैकी एक.