ट्रिप्टोफॅनचे कूळ आणि मूळ

प्रथिन ओळखण्याची एक जुनी चाचणी होती. पदार्थ अ‍ॅसेटिक आम्लात मिसळायचा आणि वरून तीव्र गंधकाम्ल सोडायचे; जांभळा रंग उमटला की प्रथिन आहे असे समजायचे. केंब्रिजमधल्या एका विद्यार्थ्याला काही केल्या तो रंग मिळेना. फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी खोलात जाऊन पाहिले, तेव्हा कळले की चूक विद्यार्थ्याची नव्हतीच. त्याचे अ‍ॅसेटिक आम्ल फार शुद्ध होते. रंग येत होता तो आम्लात अंशमात्र असणाऱ्या ग्लायऑक्सिलिक आम्लामुळे. हा धागा धरून दोघांनी १९०१ मध्ये दुधातल्या केसिनमधून तो रंग देणारे अमिनो आम्ल, ट्रिप्टोफॅन, वेगळे काढले. ज्या रेणूचा शोधच एका अशुद्धीमुळे लागला, त्याच्या नावावर पुढे ऐंशी-नव्वद वर्षांनी बसलेला कलंकही बहुधा अशुद्धीचाच होता. म्हणूनच पूरक गोळी सुरक्षित आहे का, हा प्रश्न रेणूपेक्षा कारखान्याला विचारायला हवा.

शरीर ट्रिप्टोफॅनपासून झोप आणि मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन बनवते. त्यामुळे १९८० च्या दशकात अमेरिकेत झोप, उदासी आणि पाळीपूर्वीचा त्रास यांसाठी त्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय खपत होत्या. दूध, अंडी, डाळी यांत जे असते त्याने अपाय कसा होईल, हे विक्रेत्यांचे समर्थन. पण साठ किलो वजनाच्या माणसाची दिवसाची गरज पाव ग्रॅमच्या आसपास, आणि लोक घेत ते ग्रॅमच्या मापाने. १९८९ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोतल्या तीन स्त्रियांना असह्य स्नायुदुखी झाली. रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अफाट वाढल्या होत्या. डॉक्टर एकमेकांशी बोलले तेव्हा समान दुवा निघाला तो ट्रिप्टोफॅन. पत्रकार टॅमर स्टीबर यांच्या बातम्यांनी प्रकरण लोकांपुढे आले आणि नोव्हेंबरमध्ये अन्न व औषध प्रशासनाने गोळ्या बाजारातून परत मागवल्या. पंधराशेहून अधिक रुग्ण आणि ३७ च्या आसपास मृत्यू. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या नसा आणि त्वचा कायमच्या बिघडल्या.

तपासाचा माग जपानच्या शोवा डेन्को कंपनीपर्यंत गेला. तिथे ट्रिप्टोफॅन जिवाणूंकरवी आंबवून काढत. १९८८ च्या अखेरीस जनुकीय बदल केलेला नवा वाण आला आणि त्याच सुमारास शुद्धीकरणात वापरायची कोळशाची पूड निम्म्यावर आणली गेली. माल तरीही ९९ टक्क्यांहून शुद्ध, मानकांत चोख बसणारा! उरलेल्या अंशात मात्र काही अनोळखी संयुगे सापडली. त्यांपैकी एक म्हणजे ट्रिप्टोफॅनचेच दोन रेणू जोडून झालेले.

जनुकीय बदलच दोषी, असे काही जण ठामपणे म्हणतात. पण वाण आणि गाळणी एकाच सुमारास बदलल्यावर दोष एकट्या वाणावर कसा टाकणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे काही रुग्ण या बदलांच्या आधीही आढळले होते आणि जास्त मात्रा घेणाऱ्यांना धोका जास्त होता. मग मूळ रेणूच विषारी नाही कशावरून? तसे असते तर इतर जपानी कंपन्यांचा माल घेणारेही त्याच प्रमाणात आजारी पडले असते. रुग्ण मात्र जवळजवळ सगळे एकाच कंपनीच्या मालाचे निघाले. शिवाय अशुद्धी गोळीतच असेल, तर जास्त गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात तीही जास्तच जाणार. नेमके कोणते संयुग घातक, हे आजही निर्विवादपणे ठरलेले नाही, एवढे खरे.

याचा अर्थ शुद्ध ट्रिप्टोफॅन निरुपद्रवी असा नव्हे. मळमळ, गुंगी, चक्कर हे त्याचे नेहमीचे त्रास. नैराश्यावरच्या औषधांसोबत घेतले तर सेरोटोनिन बेसुमार वाढून ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि भ्रम होऊ शकतो. इथे शंभर टक्के शुद्धताही कामाची नाही. गोळ्या परत मागवल्यानंतर ट्रिप्टोफॅनवर असलेले निर्बंध अमेरिकेने २००१ मध्ये सैल केले. पूरक पदार्थांच्या उत्पादनपद्धतीचे नियम आले ते २००७ मध्ये, आणि त्यांतही कोणत्या अशुद्धींवर किती मर्यादा घालायची हे ठरवण्याचे काम उत्पादकाकडेच आहे.