औषधातील चुका : नोंदीपासून दुरुस्तीपर्यंत

रुग्णालयात औषध देताना चूक झाली तर ती लपवू नये, कळवावी, हे आता सर्वांना मान्य आहे. पण कळवलेल्या चुकीचे पुढे काय होते, यावर त्या नोंदीची किंमत ठरते. नोंदीमुळे औषधाचे नाव, सिरिंजचे तोंड, संगणकावरची यादी असे काही प्रत्यक्ष बदलले, तर पुढचा रुग्ण वाचतो. ‘यापुढे नीट बघून द्यावे’ एवढीच सूचना निघाली, तर ती नोंद वाया गेली असे मी समजतो. जपानच्या अनुभवावर हे विधान तपासून पाहता येते.

1999 साल जपानी वैद्यकाला हादरवणारे ठरले. 11 जानेवारीला योकोहामा सिटी युनिव्हर्सिटीच्या रुग्णालयात हृदयविकाराचा आणि फुफ्फुसाचा अशा दोन रुग्णांची अदलाबदल झाली आणि दोघांवरही भलतीच शस्त्रक्रिया झाली. बरोबर महिन्याने, 11 फेब्रुवारीला, टोकियोच्या हिरो रुग्णालयात बोटाच्या शस्त्रक्रियेतून बऱ्या होत असलेल्या एका स्त्रीच्या शिरेत हेपारिन मिसळलेल्या सलाईनऐवजी जंतुनाशक गेले. ती त्याच दिवशी दगावली. दोन द्रावणे सारख्याच सिरिंजमध्ये भरलेली होती आणि ओळखीची चिठ्ठी चुकीच्या सिरिंजवर लागली होती. एवढ्या साध्या गोष्टीवर एक जीव अवलंबून असावा, हेच मुळात भयंकर आहे.

पुढे जे घडले त्याने नोंदीचा प्रश्न अधिक अवघड केला. जपानच्या वैद्यक व्यवसाय कायद्याच्या 21व्या कलमानुसार मृत्यू अनैसर्गिक वाटल्यास डॉक्टरने 24 तासांत पोलिसांना कळवायचे असते. हिरो रुग्णालयाने ते वेळेत कळवले नाही. दोन परिचारिकांवर खटला चालला, रुग्णालयाचे संचालकही दोषी ठरले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, हा घटनेतला हक्क या कलमामुळे मोडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2004 रोजी दिला. न्यायाच्या दृष्टीने तो निर्णय समजू शकतो. ज्यांचे माणूस गेले त्यांना सत्य कळलेच पाहिजे. पण वॉर्डातल्या परिचारिकेने त्यातून एवढेच उचलले असेल, की लिहिलेला कागद कुठेही पोचू शकतो.

म्हणूनच त्याच वर्षी, ऑक्टोबर 2004 मध्ये, सुरू झालेल्या दुसऱ्या वाटेला महत्त्व आहे. ‘जपान कौन्सिल फॉर क्वालिटी हेल्थ केअर’ या त्रयस्थ संस्थेकडे देशभरातील वैद्यकीय अपघातांची माहिती गोळा होऊ लागली. विद्यापीठांची आणि इतर काही मोठी रुग्णालये यांना कळवणे बंधनकारक, बाकीच्यांना ऐच्छिक. प्रसिद्ध होणाऱ्या माहितीत रुग्णाचे वा कर्मचाऱ्याचे नाव नसते. अपघात होता होता टळलेल्या घटनाही, ज्यांना तिथे ‘हियारी-हात्तो’ म्हणतात, यात येतात. शिक्षेची फाईल आणि शिकण्याची फाईल वेगळी ठेवण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो मला पूर्णपणे योग्य वाटतो. अशा व्यवस्थेत नोंदी वाढल्या म्हणजे चुका वाढल्या, असा अर्थ काढणे चूक आहे. ज्या रुग्णालयातून वर्षभर एकही नोंद येत नाही, त्याचीच मला अधिक धास्ती वाटेल. जपानी रुग्णालयांत नोंदी प्रामुख्याने परिचारिका करतात, डॉक्टरांच्या फार थोड्या असतात. ही उणीव अजून भरून निघालेली नाही.

डिसेंबर 2006 पासून संस्था दर महिन्याला एक छोटे पत्रक काढते. पहिलेच पत्रक इन्सुलिनवर होते. 10 मिलिलिटरच्या कुपीवर ‘100 युनिट’ असे वाचून कुपीत एकूण तेवढेच आहे, असा समज होत होता. खरे तर ते प्रमाण दर मिलिलिटरचे. कुपीत 1000 युनिट असतात. 50 युनिट द्यायचे म्हणून अर्धी कुपी भरली, तर रुग्णाच्या अंगात 500 जातात. युनिटच्या खुणा असलेली इन्सुलिनची वेगळी सिरिंज हाती असेल, तर हा हिशेब करावाच लागत नाही. दुसरे पत्रक मेथोट्रेक्झेटवर निघाले. संधिवातासाठी आठवड्याच्या हिशेबाने घ्यायचे हे औषध रोज दिले गेले आणि रुग्णांच्या अस्थिमज्जेवर घाला पडला. पण काही वर्षांनी त्याच विषयावर पुन्हा पत्रक काढावे लागले. नुसत्या सावधगिरीच्या सूचनेची ताकद किती, ते यावरून कळते.

या सगळ्यात मला सर्वांत शिकवून जाणारी वाटते ती नारुतोची घटना. नोव्हेंबर 2008. तोकुशिमा प्रांतातल्या या शहरातील एका रुग्णालयात तापाने आजारी असलेल्या वृद्धाला रात्रपाळीच्या डॉक्टरला ‘साकुशिझोन’ हे स्टिरॉइड द्यायचे होते. संगणकात नावाची पहिली अक्षरे टाकली. यादीत एकच नाव आले : ‘साकुशिन’. हे भूल देताना वापरायचे, स्नायू शिथिल करून श्वास थांबवणारे औषध. नाव निवडले गेले, औषध आले. परिचारिकेला शंका आली, तिने विचारलेही. पण दोन नावे कानाला इतकी जवळची, की तिचा प्रश्न डॉक्टरला आपल्याच औषधाबद्दलचा वाटला. रुग्ण दगावला.

यातला खरा धडा पुढेच आहे. या दोन नावांचा घोटाळा आधीच माहीत होता आणि त्या रुग्णालयाने उपायही केला होता. गोंधळ नको म्हणून साकुशिझोन आपल्या साठ्यातूनच काढून टाकले होते. म्हणजे निरुपद्रवी नाव गेले, घातक नाव एकटे उरले. दोन्ही नावे समोर असती तर निदान डोळा थबकला असता. नोंद होती, तिची दखलही घेतली गेली होती. चुकले ते कुठले नाव काढायचे, हे. परिचारिकेने विचारणे ही दुहेरी तपासणी, पण तीही त्याच नावाच्या सापळ्यात अडकली. पुढच्या वर्षी उत्पादकाने ‘साकुशिन’ हे व्यापारी नाव सोडून मूळ रसायनाचे, सक्सामेथोनियम हे नाव घेतले. दुरुस्ती शेवटी मुळाशी पोचली.

तशी उदाहरणे त्याआधीही आहेत. 2000 साली तोकाई विद्यापीठाच्या रुग्णालयात पोटात द्यायचे औषध शिरेच्या नळीतून गेल्याने एक बालक दगावले. त्यावर सरकारने निकष काढले, की पोटात औषध देण्याच्या सिरिंजचे तोंड शिरेच्या नळीला बसताच कामा नये. इथे परिचारिका दमलेली असो, नवी असो, घाईत असो, ती चूक हातून होऊच शकत नाही.

आपल्याकडे पाहिले तर 2010 पासून औषधसुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पण त्याचा मुख्य भर औषधांच्या दुष्परिणामांवर आहे. वॉर्डात हातून झालेल्या चुकीसाठी जपानसारखी निनावी, देशव्यापी वाट नाही. भारतीय न्याय संहितेच्या 106व्या कलमात उपचारातील निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास शिक्षेची मर्यादा दोन वर्षांवरच ठेवली आहे, पण ती सवलत नोंदणीकृत डॉक्टरच्या नावाने लिहिलेली आहे; इंजेक्शन प्रत्यक्ष टोचणाऱ्या परिचारिकेचा त्यात उल्लेख नाही. सगळ्यात आधी तिला बोलते करायचे आहे. आणि सारख्या नावांबाबत 2019 मध्ये औषधांच्या नियमात दुरुस्ती झाली, तीही उत्पादकाने आपले नाव गोंधळ करणारे नाही अशी हमी लिहून द्यावी, एवढीच. ते नाव वॉर्डात गेल्यावर कुणाच्या हातून काय झाले, हे त्या हमीपत्रापर्यंत परत पोचवणारी खिडकी अजून उघडायची आहे.