मक्याच्या हरवलेल्या राखणदाराची गोष्ट



जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या. आज एका जनुकाचा इतिहास सांगणार आहे. विज्ञानवाल्यांनी हसू नये. मी मराठी माध्यमातला बी.ए., मला जसं समजलं तसं लिहितो.

गोष्ट अमेरिकेतली. १९३०च्या दशकात तिथे मक्याचं संकरित बियाणं शेतकऱ्यांच्या हाती येऊ लागलं. संकर करायचा तर आधी दोन शुद्ध वाण हवेत. त्यासाठी एका ताटाच्या तुऱ्यातला पराग त्याच ताटाच्या कणसावर टाकायचा, बी धरायचं, पेरायचं, पुन्हा तेच. अशा कित्येक पिढ्या. एरवी मका वाऱ्यावरून आलेला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पराग घेतो, त्यामुळे एखाद्या ताटात काही उणं असलं तरी ते झाकून जातं. घरातल्या घरात सोयरिकी सुरू झाल्या की झाकलेलं उघडं पडतं.

१९३८ मध्ये इंडियाना राज्यात ते उघडं पडलं. एका शुद्ध वाणाची पानं करपली. या रोगात कणसंही कोळशासारखी काळी होतात, बुरशीच्या 'कार्बोनम' या नावातच कोळसा आहे. बाकीचे बहुतेक वाण मात्र खुशाल! अल्स्ट्रप नावाच्या शास्त्रज्ञांनी हा रोग अभ्यासला आणि १९४७ मध्ये त्यांनी व ब्रन्सन यांनी दाखवलं, की सगळा फरक मक्याच्या पहिल्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा आहे. ते जनुक शाबूत तर रोग नाही.

(याच बुरशीची एक भावकी भातावर पडते. १९४२ साली बंगालात तिने पीक खाल्लं. पुढच्या वर्षीच्या दुष्काळाचं खापर काही जण तिच्यावर फोडतात. मला ते पटत नाही. माणसं मेली ती युद्धकाळातल्या सरकारी कारभाराने. असो.)

मला खिळवून ठेवलं ते पुढच्या प्रश्नाने. हे जनुक करतं तरी काय? उत्तर मिळायला चाळीसहून अधिक वर्षं गेली. ही बुरशी एक विष सोडते. मिशिगनमधल्या मीली आणि वॉल्टन यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की मक्यातलं एक एंझाइम त्या विषाचा काटा काढतं. एंझाइमला आपल्या शाळेच्या पुस्तकात 'विकर' म्हणतात. हे विकर विषाच्या रेणूत एका ठिकाणी हायड्रोजन जोडतं, की विष निकामी. नागाचा दात काढावा तसं. बुरशी पानावर येते, पण तिला पसरता येत नाही.

१९९२ मध्ये गुरमुख जोहल आणि स्टीव्हन ब्रिग्ज यांनी आयोवातल्या एका बियाणे कंपनीत ते जनुकच वेगळं काढलं. वनस्पतींतलं रोगाला अडवणारं, असं हाती लागलेलं हे पहिलं जनुक. त्यांनी वापरली उड्या मारणारी जनुकं, ज्यांचा शोध मक्यातच लावणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक बाईंना १९८३ मध्ये नोबेल मिळालं. असा एखादा उडता तुकडा जनुकात घुसला की ते बंद पडतं आणि धडधाकट मक्याला रोग होतो. मग तो तुकडा कुठे बसलाय ते शोधायचं. चोराच्या पावलावरून घर शोधल्यासारखं!

आता इतिहासाच्या मास्तराचं मत. त्या शुद्ध वाणातून राखणदार कुणी मुद्दाम हाकलला नव्हता. निवड करणाऱ्यांनी ताट, कणीस, दाणे पाहिले. जे दिसत होतं ते निवडलं. विकर दिसत नाही. आणि बाकी बहुतेक मक्यात ते चोख काम करत असल्याने असा काही रोग असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हरवल्याचं कळायचं तरी कसं? आमच्या इतिहासातही ज्या किल्लेदाराच्या किल्ल्यावर कधी हल्ला झाला नाही, त्याचं नाव बखरीत सापडत नाही.

२००८ मध्ये जोहल आणि सहकाऱ्यांनी पुढचं सांगितलं. हे जनुक गवताच्या कुळात सर्वदूर आहे. सातूत ते दाबून पाहिलं, तर त्या मक्याच्या बुरशीने सातूचीही पानं करपवली. म्हणजे ही राखण मक्याहून कितीतरी जुनी. आपली ज्वारीही याच कुळातली.

गावी शेती करणाऱ्या पुतण्याला फोनवर हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "काका, बियाण्याच्या पिशवीवर हे लिहिलेलं नसतं हो." मग पावसाचं बोलणं निघालं.