लखनौच्या जुन्या मोटारी आणि ब्रेकची घरगुती तपासणी

लखनौत मोटारगाडी रुळली ती आधी अवधच्या तालुकदारांच्या कोठ्यांत आणि सरकारी बंगल्यांत. त्या काळातील बहुतेक गाड्यांचे ब्रेक सळ्यांनी किंवा तारांनी ओढले जात. ताण चारही चाकांना सारखा बसत नसे, म्हणून गाडी जॅकवर चढवायची, एकाने पॅडल दाबायचे आणि दुसऱ्याने एकेक चाक हाताने फिरवून पाहायचे. जे चाक मोकळे फिरेल त्याची सळी आवळायची. द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक 1921च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना आला, पण फोर्डने 1939च्या मॉडेलपर्यंत सळ्या सोडल्या नाहीत. त्यामुळे दोन्ही तऱ्हा बराच काळ शेजारी शेजारी चालल्या.

स्वातंत्र्यानंतर आयात आटली आणि रस्त्यावर मुख्यतः दोन गाड्या राहिल्या: उत्तरपाऱ्याची अँबॅसिडर आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात, मुंबईच्या कुर्ल्यात जुळणारी फियाट. चारही चाकांना ड्रम आणि ब्रेक ऑइलची एकच वाट, अशी त्यांची जुनी रचना होती. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणूनच मालकाने किंवा घरच्या ड्रायव्हरने सकाळी ऑइलची डबी पाहणे ही त्या काळातली फार मोलाची सवय होती. मद्रासला 1962मध्ये ब्रेक्स इंडिया आणि 1964मध्ये रेन ब्रेक लायनिंग्ज उभ्या राहिल्यावर देशी सुटे भाग मिळू लागले.

दोष ओळखायचा तो आधी पायाने. पॅडल मऊ लागले आणि दोन-चारदा मारल्यावर वर आले, तर नळीत हवा शिरली आहे किंवा शू ड्रमपासून फार लांब गेले आहेत. दाबून धरलेले पॅडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले असते. डबीतले ऑइल उतरत असेल तर टायरची आतली बाजू पाहायची. तिथला ओला डाग व्हील सिलिंडर गळत असल्याचे सांगतो. गाडी डावीकडे ओढत असेल, तर बहुधा उजव्या चाकाचा ब्रेक कमी धरतो आहे. घासल्याचा कर्कश आवाज म्हणजे लायनर झिजून रिव्हेट ड्रमला लागले. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे.

घरच्या दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान डबीत इंजिन ऑइल ओतल्याने होई. खनिज तेलाने रबर फुगते, ब्रेक जाम होतात आणि मग सगळेच रबर बदलावे लागते. खरे ब्रेक ऑइलही हवेतला दमटपणा शोषते. डॉट 3 प्रतीचे ब्रेक ऑइल ताजे असताना 205 अंश सेल्सिअसला उकळते. पुरेसे पाणी मुरल्यावर ते 140 अंशांनाच उकळू शकते.

लखनौच्या सपाट रस्त्यांवर ही उणीव दिसत नसे. ती दिसे नैनितालहून परतताना. नैनिताल समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटरवर, काठगोदाम त्याच्या दीड हजार मीटर खाली, आणि मधला घाट अवघा 35 किलोमीटरचा. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. ऑइल उकळले तर पॅडल थेट तळाला जाते. थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा नीट लागतो, त्यामुळे खाली मैदानात दाखवलेल्या गाडीत दोष सापडत नाही. अशा वेळी घाटातली हकिगत नीट विचारणारा मिस्त्रीच खरा जाणकार.

1983मध्ये मारुती 800 आली. पुढे डिस्क ब्रेक आणि व्हॅक्यूम बूस्टर सर्रास झाले; अँबॅसिडरलाही पुढच्या चाकांना डिस्क मिळाल्या. बूस्टरची तपासणी सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाचदा मारायचे, मग दाबून धरून इंजिन सुरू करायचे. पॅडल किंचित खाली सरकले तर बूस्टर ठीक. अँबॅसिडरचे उत्पादन 2014मध्ये थांबले. त्यानंतर रस्त्यावर उरलेल्या गाड्यांत लायनर टिकले तरी रबर आणि नळ्या वयानेच कडक होऊन तडकतात, म्हणून त्यांच्या तपासणीत किलोमीटरपेक्षा वर्षे मोजणे अधिक महत्त्वाचे ठरते.