डेनिस विल्सन: मागच्या बाकावरचा ड्रमर

आज सुरुवात एका प्रश्नाने. बँडमधला ड्रमर स्वतःचा अल्बम काढतो, तेव्हा आपल्याला काय वाटतं? आता हा दणादण वाजवणार, मध्ये पाच मिनिटांचा ड्रम सोलो असणार. हो ना? आजच्या अल्बममध्ये तसलं काहीच नाही. अल्बमचं नाव ‘पॅसिफिक ओशन ब्लू’, साल १९७७, आणि माणूस डेनिस विल्सन, ‘द बीच बॉइज’चा ड्रमर.

थोडं मागे जाऊ. १९६१, कॅलिफोर्नियातलं हॉथॉर्न गाव. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन भाऊ, त्यांचा आतेभाऊ माईक लव्ह आणि मित्र अल जार्डिन मिळून बँड काढतात. डेनिसला बँडमध्ये घ्या, हा आग्रह आईचा. पण गंमत बघा, समुद्राच्या लाटांवर गाणी करणाऱ्या या बँडमध्ये खरं सर्फिंग करणारा एकटा डेनिसच. सर्फिंगवर गाणं करा, हेही त्यानेच सुचवलं. त्यातूनच पहिलं गाणं आलं.

पुढे ब्रायन हा बँडचा मेंदू झाला. स्टुडिओतली गाणी अवघड होत गेली आणि कित्येक गाजलेल्या रेकॉर्डिंगवर ड्रम वाजवायला हॅल ब्लेनसारखे व्यावसायिक वादक येऊ लागले. डेनिसने काही रेकॉर्डवर वाजवलंय, पण विचार करा: स्टेजवर ड्रमर तुम्ही, आणि रेडिओवरच्या गाण्यात हात दुसऱ्याचे. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या, देखण्या आणि उनाड पोरासारखी त्याची प्रतिमा झाली. त्याच्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नव्हतं.

१९७१ मध्ये काच लागून त्याच्या हाताला मोठी जखम झाली. काही काळ ड्रम बंद. तोवर तो पियानोवर बसून स्वतःची गाणी करायला लागला होता. १९७० च्या ‘सनफ्लॉवर’ अल्बममधलं ‘फॉरएव्हर’ त्याचंच. आता तर पियानोच जवळचा झाला.

मग सँटा मोनिकातल्या बँडच्या स्वतःच्या ‘ब्रदर स्टुडिओज’मध्ये मित्र ग्रेग जेकबसनबरोबर त्याने हा अल्बम उभा केला. बीच बॉइजपैकी कुणाचाही हा पहिला सोलो अल्बम. अमेरिकेत तो ९६ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. म्हणजे फार मोठं यश नाही.

मग आज का ऐकायचा? पहिलं कारण आवाज. बीच बॉइज म्हटलं की गुळगुळीत, एकमेकांत मिसळलेले आवाज. इथे डेनिसचा आवाज घोगरा, थकलेला, मध्येच चिरकणारा. तो लपवलेला नाही. ‘थॉट्स ऑफ यू’मध्ये तर माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं.

दुसरं कारण रचना. ‘रिव्हर साँग’ पियानोने सुरू होतं आणि हळूहळू गायकांचा मोठा समूह येऊन सगळी खोली भरून टाकतो. कुठे थांबायचं आणि कुठे जोर लावायचा, याची ही समज मला तरी ड्रमरचीच वाटते. फरक एवढाच की इथे ती काठ्यांतून न येता सगळ्या वाद्यांतून येते.

तिसरं, विषय. कार्लच्या सासऱ्यांच्या जाण्यावर एक गाणं आहे, तर शीर्षकगीतात समुद्रातल्या प्राण्यांच्या कत्तलीबद्दलचा राग. खरं सांगायचं तर सगळीच गाणी या उंचीची नाहीत. ‘व्हॉट्स राँग’ हे साधं रॉक अँड रोल, नसतं तरी चाललं असतं.

पुढचा अल्बम ‘बांबू’ अर्धवटच राहिला. दारूने डेनिसला पोखरलं होतं. २८ डिसेंबर १९८३ ला मरीना डेल रे इथे, जिथे पूर्वी त्याची स्वतःची बोट उभी असायची त्याच जागी, पाण्यात बुड्या मारताना तो बुडाला. वय ३९. सर्फिंग करणाऱ्या पोराला समुद्रानेच नेलं.

अल्बमही बरीच वर्षं दुकानांतून गायब होता. २००८ मध्ये ‘बांबू’च्या गाण्यांसह तो पुन्हा आला. त्यात डेनिसच्या आवाजाविना राहिलेलं ‘होली मॅन’ कुणी गायलं माहितीये? टेलर हॉकिन्सने. ‘फू फायटर्स’चा ड्रमर!

आज रात्री हेडफोन लावा, ‘रिव्हर साँग’पासून सुरू करा. कसं वाटलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!